व्ही-ब्रेकची सायकल डिस्कवर न्यायची आहे: चाकं, हब, रोटर कसं जुळवायचं? (सोलापूर)

होटगीरोड
नमस्कार मंडळी. सायकल हायब्रिड आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढं सस्पेन्शन फोर्क, ७०० × ३८ टायर, मागं सात गिअर, दोन्हीकडं व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन बाजूंनी पॅड दाबणारे. रोज अक्कलकोट रोड एमआयडीसीला जाणं-येणं आणि जमेल त्या रविवारी तुळजापूर. पावसाळ्यात चिखलपाण्यातून गेलं की ब्रेक पहिल्या दाबाला धरतच नाहीत. घाट उतरताना बोटं दुखतात. म्हणून डिस्कवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला (हबला) लावलेली चकती (रोटर) दाबून थांबवणाऱ्या ब्रेकवर जायचं ठरवलंय.

ऑनलाइन सेलमध्ये एक डिस्क व्हीलसेट दिसतोय: ७००सी, सेंटर लॉक, थ्रू ॲक्सल, पुढं १२×१००, मागं १२×१४२, ११ स्पीड. सोबत तेल भरलेला हायड्रॉलिक ब्रेकचा सेट आणि १८० चे रोटर घ्यायचा विचार आहे. फ्रेमला मागं डाव्या बाजूला दोन भोकांची पट्टी आहे, फोर्कलाही डाव्या पायावर दोन बोल्टची जागा आहे. आमच्याकडचे दुकानदार म्हणतात, "बसतंय की सगळं." पण पैसे एकदाच घालायचे आहेत, म्हणून इथं विचारतोय. खरंच बसेल का?

स्पोक३६
मालक, ऑर्डर टाकू नका, थांबा जरा. तुम्ही लिहिलेल्या व्हीलसेटमधलं एकही चाक तुमच्या सायकलला लागणार नाही असं मला दिसतंय. पण अंदाजावर नको, मोजून बोलू.

फ्रेम आणि फोर्क तुम्ही बदलणार नाही. त्यामुळं बाकीचं सगळं त्या दोघांनी ठरवायचं. फ्रेम ठरवते हब, हब ठरवतो रोटर कसा बसणार, फोर्क ठरवतो रोटर किती मोठा चालणार, आणि मग कॅलिपर (रोटरला पॅडने दाबणारा भाग), मग लिव्हर. लोक नेमकं उलटं करतात. आधी सेलमधला ब्रेक घेतात आणि मग त्याला सायकल जुळवत बसतात.

एवढं मोजून टाका:
मागचं चाक काढून दोन्ही ड्रॉपआउटच्या, म्हणजे ॲक्सल बसतो त्या खाचांच्या, आतल्या बाजूंमधलं अंतर. पुढं फोर्कचंही तसंच. ॲक्सल आरपार पोकळ असून क्विक रिलीज (हाताच्या लिव्हरने सुटणारा) आहे की नटाचा, ते. डिस्क ब्रेक बसवायच्या दोन भोकांमधलं अंतर आणि भोकं कुठल्या दिशेला आहेत ते, पुढं आणि मागं दोन्हीकडं. फोर्कवर कुठं कमाल रोटरचा आकडा छापलाय का. मागच्या दात्यांचा गठ्ठा कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला) आहे की फ्रीव्हील (आट्यांवर फिरवून बसवलेला). टायरच्या बाजूला उठवलेला दोन आकड्यांचा कोड. आणि ब्रेकची लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर वेगवेगळे आहेत की एकाच तुकड्यात.

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण खर्च तिथंच वाढतो.

काळीमाती
मी थोडं वेगळं सांगतो. नुसता ब्रेक धरत नाही म्हणून डिस्क करत असाल तर आधी चांगले पॅड आणि नव्या केबल टाकून बघा. नीट लावलेला व्ही-ब्रेक कोरड्या रस्त्यावर चाक जाम करण्याइतका जोर देतो. त्याच्यापुढं डिस्क काही जादू करत नाही.

डिस्कचा फायदा आपल्याकडं दोन ठिकाणी आहे. एक, नान्नजकडं आतल्या रस्त्यांना पावसात काळी माती चाकाला अशी चिकटते की व्ही-ब्रेकच्या मध्ये गोळा होऊन चाक फिरेनासं होतं. रोटर हबजवळ असतो, तिथवर माती पोचायला वेळ लागतो. दुसरं, रिम घासत नाही. व्ही-ब्रेकमध्ये मातीचे कण पॅडमध्ये रुततात आणि रिम कानशीने घासावी तशी झिजते. तुमच्या रिमच्या ब्रेक लागतो त्या पट्टीवर सरळ पट्टी धरून बघा. मध्ये खोलगट झाली असेल तर ती रिम तशीही बदलायला आलीच आहे.

होटगीरोड
काल रात्री सगळं काढून मोजलं.

मागं १३५ मिमी, पुढं १०० मिमी. दोन्हीकडं क्विक रिलीज. मागच्या पट्टीतल्या भोकांमध्ये ५१ मिमी अंतर, आणि भोकं आडवी, म्हणजे ॲक्सलला समांतर आरपार. फोर्कवर ७४ मिमी, तिथं बोल्ट सरळ फोर्कच्या अंगात, मागून पुढं जातात. फोर्कच्या डाव्या पायाच्या आतल्या बाजूला "मॅक्स १८०" आहे. टायरवर ४०-६२२. मागचा गठ्ठा काढायला मित्र आला होता, तो म्हणाला फ्रीव्हील आहे, आट्यांचा. शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच तुकड्यात. रिमला छत्तीस भोकं, पट्टी सपाट आहे, खोलगट नाही.

स्पोक३६
फार नीट मोजलंत. आता चित्र स्पष्ट झालं.

चाकापासून सुरू करतो. १२×१४२ म्हणजे १२ मिमी जाडीचा दांडा फ्रेमच्या बंद भोकातून आरपार जातो. तुमच्या ड्रॉपआउटला खालून उघडी खाच आहे, रुंदी १३५ आणि खाच १० मिमीच्या ॲक्सलसाठी. तो हब तिथं बसूच शकत नाही. काही हबांना टोकाच्या टोप्या बदलून क्विक रिलीज करता येतं, पण त्या टोप्या त्याच कंपनीने त्याच हबसाठी केलेल्या असाव्या लागतात. सेलमधल्या अनोळखी चाकाच्या बाबतीत त्या भरवशावर पैसे घालू नका. पुढंही तेच: १२×१०० थ्रू ॲक्सलचं चाक तुमच्या ९ मिमीच्या खाचेत नाही.

तुम्हाला हवे ते हब असे: मागं १३५ मिमी क्विक रिलीज, पुढं १०० मिमी क्विक रिलीज, दोन्ही डिस्कचे, छत्तीस भोकांचे. जुन्या एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाइकचं, हे माप असल्यामुळं असे हब अजून सहज मिळतात.

रोटर हबला दोन प्रकारे बसतो. सहा बोल्टवाला, ज्याची भोकं ४४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात, किंवा शिमानोने आणलेला सेंटर लॉक, ज्यात दातेरी खाचेत रोटर बसवून वरून रिंग आवळतात. सेंटर लॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसवता येतो. उलट सहसा जमत नाही. तुमच्यासाठी सहा बोल्टच घ्या. टॉर्क्स २५ ची की कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, सेंटर लॉकला मात्र वेगळं हत्यार लागतं आणि ती रिंग ४० न्यूटन-मीटरने आवळावी लागते.

आता फ्रीव्हील. आट्यांच्या फ्रीव्हीलचेही डिस्क हब मिळतात, स्वस्तही असतात. पण त्यात उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, बरेच मध्ये राहतात आणि ॲक्सलचा उजवा तुकडा लांबवर आधाराविना असतो. खड्ड्यात तो वाकतो, कधी तुटतोसुद्धा. खर्च करताच आहात तर कॅसेटचा, म्हणजे फ्रीहबचा हब घ्या. त्यात बेअरिंग अगदी बाहेरच्या टोकाला असतं. ८, ९, १० स्पीडच्या फ्रीहबवर सात गिअरची कॅसेट बसते, फक्त मागं साडेचार मिमीचा स्पेसर घालावा लागतो. सातच्या फ्रीव्हील आणि कॅसेटमध्ये दातेरी चकत्यांमधलं अंतर जवळपास सारखंच असतं, त्यामुळं तुमचा शिफ्टर आणि डिरेलर (साखळी सरकवणारा भाग) तसेच चालतील. सेलमधल्या ११ स्पीडच्या चाकाचा तुम्हाला काहीच उपयोग नव्हता.

ब्रेकचं नंतर लिहितो, कामावर जायचंय.

पूर्वभाग
मध्येच विचारतो, माफ करा. रिम चांगल्या आहेत तर यांनी तयार चाक का घ्यायचं? नुसते हब बदलून जुन्याच रिम भरल्या तर? आमच्या पूर्व भागात हाताने चाक भरणारे, आऊट काढणारे (वाकडं फिरणारं चाक सरळ करणारे) जुने कारागीर अजून आहेत. आधी यंत्रमागाची कामं केलेली माणसं, हाताला मापाची सवय.

स्पोक३६
अगदी बरोबर सुचवलंत, मीही तेच सांगणार होतो. रिम सपाट आहे, छत्तीस भोकांची आहे, ६२२ आहे. व्ही-ब्रेकची रिम डिस्कच्या हबवर भरली तर चालते, फक्त ती पट्टी वापरात राहत नाही.

पण जुने स्पोक जपून ठेवायच्या मोहात पडू नका. डिस्कच्या हबच्या कडा वेगळ्या व्यासाच्या असतात आणि डाव्या बाजूची कड रोटरला जागा देण्यासाठी आत सरकलेली असते. पुढच्या चाकातसुद्धा डावे आणि उजवे स्पोक वेगळ्या लांबीचे येतात. आधीच्या लांबीचे स्पोक बहुधा पुरणार नाहीत, किंवा निप्पलच्या (रिममधल्या, स्पोक आवळायच्या नटाच्या) वर येऊन ट्यूबला टोचतील. लांबी काढायला चार गोष्टी लागतात: रिमचा ईआरडी, हबच्या दोन्ही कडांवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, हबच्या मध्यापासून प्रत्येक कडेचं अंतर, आणि किती क्रॉस भरणार, म्हणजे एक स्पोक दुसऱ्या किती स्पोकना ओलांडणार ते. ईआरडी म्हणजे रिममध्ये निप्पलचा माथा जिथं टेकतो तिथून बरोबर समोरच्या तशाच जागेपर्यंतचा व्यास. दोन जुने स्पोक समोरासमोर घालून ताणून मोजायचा, आणि रिमच्या वेगवेगळ्या ठिकाणी मोजून खात्री करायची.

आणि तीन क्रॉसच भरा. पुढचं चाक सरळ आऱ्यांचं, एकही क्रॉस नसलेलं भरायची फॅशन रिम ब्रेकवर चालते, कारण तिथं ब्रेकचा जोर थेट रिमवर येतो. डिस्कमध्ये हब थांबतो आणि रिमला स्पोकमधून थांबवावं लागतं. सरळ स्पोक तो पिळा पेलत नाहीत. चांगल्या कारागिरालाही हे आधी सांगून ठेवा, कारण ज्यांनी आयुष्यभर काळ्या सायकलींची चाकं भरली त्यांच्यासमोर डिस्कचं चाक क्वचितच आलेलं असतं.

सातरस्ता_ताई
मला याच्या आधीचंच कळत नाहीये. मुलीच्या सायकलवर २६ लिहिलंय. मंगळवार पेठेतून २६ चं टायर आणलं, ते चढलंच नाही. दुकानदार म्हणतो २६ चंच आहे. मग चूक कुणाची?

स्पोक३६
ताई, टायरही २६ चं आणि रिमही २६ चीच असेल, तरी ते जुळत नाहीत. इंचाचा आकडा म्हणजे टायर फुगवल्यावरची बाहेरची उंची, तीही ढोबळ. एमटीबीचं २६ × १.९५ आणि साध्या सायकलचं २६ × १ ३/८ यांच्या रिमचा व्यास वेगळा: पहिल्याचा ५५९ मिमी, दुसऱ्याचा ५९०. तब्बल ३१ मिमीचा फरक. म्हणून टायरच्या बाजूला उठवलेला तीन आकडी मिमीचा कोड वाचायचा, तोच खरा. जुन्या टायरवर ५९० असेल तर नव्यावरही ५९० च हवं.

असंच २८ चं. आजोबांच्या काळ्या सायकलचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५. हायब्रिडचं ७००सी म्हणजे ६२२, आणि त्यालाही काही दुकानांत २८ च म्हणतात. २९ ची एमटीबीसुद्धा ६२२ च. २७.५ म्हणजे ५८४.

काळीमाती
या आकड्यांवरून डिस्कचा एक मोठा फायदा सांगायचा राहिला. व्ही-ब्रेकचे पॅड ठरावीक उंचीवर असतात, म्हणून ६२२ च्या फ्रेममध्ये ५८४ चं चाक घातलं तर पॅड रिमवर पडतच नाहीत. डिस्कला त्याची फिकीर नाही, रोटर हबपाशी. होटगीरोड, उद्या मुरमाच्या रस्त्यांसाठी ५८४ चं दुसरं चाक जाड टायरसह घ्यावंसं वाटलं तर घेता येईल. आता ४० चं टायर आहे, म्हणजे चाकाची त्रिज्या साधारण ३११ अधिक ४०. ५८४ वर ५० चं टायर घातलं तर २९२ अधिक ५०. पेडल साधारण ९ मिमीनेच खाली येतं. तेवढं चालून जातं, पण मागं चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्यांच्या) मध्ये ५० चं टायर मावतं का ते आधी बघायचं.

स्पोक३६
आता ब्रेक.

मागच्या फ्रेमची जागा आयएस, म्हणजे इंटरनॅशनल स्टँडर्ड. ५१ मिमी आणि आडवी भोकं ही त्याचीच खूण. फोर्कची ७४ मिमीची जागा पोस्ट माउंट. आजकालचे बहुतेक एमटीबी कॅलिपर पोस्ट माउंटचेच असतात. म्हणून मागं आयएसवर पोस्ट माउंट कॅलिपर बसवणारा अडॅप्टर लागेल, आणि तो १६० च्या रोटरसाठीचा मागवायचा. पुढं फोर्क मुळात १६० साठीचा असेल तर कॅलिपर थेट बसेल; १८० लावायचा तर २० मिमी वाढीचा अडॅप्टर. रस्त्याच्या नव्या सायकलींवर फ्लॅट माउंट नावाचा तिसरा प्रकार येतो, त्याचा कॅलिपर चुकून घेऊ नका.

पुढं १८०, मागं १६० करा. १६० वरून १८० वर गेलं की त्याच दाबाला सुमारे साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो आणि उष्णताही जास्त पसरते. तुळजापूरचा उतार पुढच्या ब्रेकवरच सांभाळला जातो. पण १८० च्या वर नको, फोर्कवर लिहिलेली मर्यादा गंमत म्हणून लिहिलेली नसते.

तुमची लिव्हर शिफ्टरसोबत एका तुकड्यात आहे, म्हणजे हायड्रॉलिक घेतलं तर शिफ्टरही वेगळे घ्यावे लागतील. तो खर्च धरा.

तरीही मी हायड्रॉलिकच सुचवीन. एका बोटाने ब्रेक लागतो, पॅड झिजतात तसं पिस्टन आपोआप पुढं सरकतात. फक्त तेलाचं नियम म्हणून पाळा: शिमानो, टेक्ट्रो, मॅगुरा यांना मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच मॉडेलना डॉट तेल, काही नव्यांना मिनरल. झाकणावर किंवा लिव्हरवर लिहिलेलं असतं. मिनरलच्या ब्रेकमध्ये मोटारसायकलच्या दुकानातलं डॉट ब्रेक ऑइल घातलं की आतले रबरी सील फुगतात, पिस्टन अडकतो, आणि मग अख्खा ब्रेक टाकून द्यावा लागतो. गॅरेजवाले प्रेमाने "घ्या ओ, एकच असतंय" म्हणून भरून देतात, तिथं ठाम राहा.

काळीमाती
इथं मी स्पोक३६ यांच्याशी सहमत नाही. यांच्यासाठी केबलचा डिस्कच बरा. व्ही-ब्रेकची लिव्हर जास्त केबल ओढते, आणि एमटीबीचे बरेच केबल डिस्क कॅलिपर त्याच ओढीसाठी बनवलेले असतात. म्हणजे लिव्हर तीच, शिफ्टर तोच, नुसती नवी केबल आणि आउटर (केबलचं आवरण). वाटेत अक्कलकोटला किंवा बार्शीला केबल तुटली तरी कुठल्याही दुकानात नवी मिळते. हायड्रॉलिकचा होज (तेलाची नळी) तिथं कुठं मिळणार?

फक्त "रोड" असं लिहिलेला कॅलिपर घ्यायचा नाही. तो रोडच्या लिव्हरच्या कमी ओढीसाठी असतो. व्ही-ब्रेकच्या लिव्हरला जोडला तर लिव्हर दगडासारखी कडक लागते आणि ब्रेक मात्र लागत नाही. उलट केलं, रोडची लिव्हर आणि एमटीबीचा कॅलिपर, तर लिव्हर दांडीला टेकते तरी पॅड धरत नाहीत. शक्य असेल तर दोन्ही पॅड हलणारा घ्या. एकच पॅड हलणाऱ्यात दुसरा पॅड सतत जवळ आणून ठेवावा लागतो.

स्पोक३६
बार्शीचा मुद्दा मान्य. रोजचा प्रवास आणि एकटं लांब जाणं असेल तर केबलमध्ये शहाणपण आहे. आउटर मात्र ब्रेकचंच घ्या, गिअरचं नाही. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेनं असतात, ब्रेकच्या जोराने ते फाटतं.

पूर्वभाग
माझ्या पुतण्याच्या सायकलला डिस्कची जागाच नाही, ना फ्रेमला ना फोर्कला. क्लॅम्पने लावायचे अडॅप्टर मिळतात म्हणे. लावावे का?

स्पोक३६
मागं काही जण लावतात, मला पटत नाही. ॲल्युमिनियमच्या पातळ सीटस्टेवर (सीटकडून मागच्या चाकाकडं येणाऱ्या नळीवर) एका ठिकाणी सगळा जोर येतो. पुढच्या फोर्कला तर मुळीच नाही. डिस्कचा फोर्क डाव्या पायात जाड केलेला असतो, कारण ब्रेकचा सगळा पिळा त्या एका पायावर येतो. पुढं डिस्क हवा तर डिस्कचा फोर्क घ्यावा, त्याचा स्टिअरर (हँडलकडं जाणारी वरची नळी) जुन्यासारखाच जाड आहे का, आणि क्राउनपासून (फोर्कचे दोन पाय जुळतात तिथून) ॲक्सलपर्यंतची लांबी जवळपास तितकीच आहे का, ते बघून.

आणि क्विक रिलीजवाल्या सगळ्यांसाठी: कॅलिपर फोर्कच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळं ब्रेक दाबला की ॲक्सलला खाली, खाचेच्या तोंडाकडं ढकलणारा जोर येतो. फोर्कच्या टोकाला असलेले छोटे उंचवटे ॲक्सलला अडवण्यासाठी आहेत, ते कानशीने घासून टाकू नका. क्विक रिलीजची लिव्हर रोटरच्या उलट बाजूला ठेवा आणि हाताला जोर लावूनच बंद होईल इतपत घट्ट ठेवा. घाट उतरण्याआधी थांबून एकदा तपासा.

सातरस्ता_ताई
मुलीचं टायर बसलं, ५९० होतं! आता तिच्या मैत्रिणीच्या सायकलचा रोटर सारखा घासतोय, "सर्र सर्र" आवाज येतो.

काळीमाती
ताई, तो केबलचा ब्रेक असेल तर कॅलिपरवर आतल्या, न हलणाऱ्या पॅडचा स्क्रू असतो, तो थोडा सैल करून बघा. हायड्रॉलिक असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, आणि दाबलेल्या स्थितीतच दोन्ही बोल्ट थोडे थोडे आळीपाळीनं आवळा. चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदाच, ठरावीक ठिकाणी घासत असेल तर रोटर वाकलाय.

आवाज "किर्र" असा आणि ब्रेकही कमी लागत असेल तर कुणीतरी साखळीला तेलाचा स्प्रे मारताना रोटरवर उडवलंय. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं. पॅड तेल पिऊन गेले असतील तर नवेच घ्यावे लागतात.

होटगीरोड
ठरलं. सहा बोल्टचे १३५ आणि १०० चे हब, छत्तीस भोकं, ८-१० स्पीडचा फ्रीहब, सात गिअरची कॅसेट आणि साडेचारचा स्पेसर. जास्त ओढीचे, दोन्ही पॅड हलणारे केबल कॅलिपर. पुढं १८०, मागं १६०, आयएसचा एक आणि २० मिमीचा एक अडॅप्टर. सेलचा व्हीलसेट कार्टमधून काढला. पूर्वभाग, त्या कारागिरांकडं मला घेऊन जाल का?

एक शंका राहिली. जे रोटर बघतोय त्यावर "रेझिन पॅड ओन्ली" लिहिलंय. कॅलिपरसोबत मेटलचे पॅड येतात.

स्पोक३६
मग एक बदला. तो रोटर मऊ पोलादाचा आहे, मेटल पॅड त्याला लवकर खातील. रेझिन पॅड घ्या, आवाजही कमी, रोजच्या वापराला पुरेसे. कॅलिपरच्या मॉडेलला चालणारा पॅडचा आकार बघूनच घ्या, नुसतं "डिस्कचे पॅड" म्हणून नको. रोटरवर किमान जाडी कोरलेली असते, बहुतेक १.५. तिथं पोचला की रोटर बदलायचा.

नवे पॅड लावल्यावर लगेच तुळजापूरला जाऊ नका. पहाटे रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक जाम न करता हळूहळू थांबण्याच्या जवळ आणायचं, असं पुन्हा पुन्हा. पॅडचा थर रोटरवर बसला की जोर वाढलेला हाताला कळतो.

पूर्वभाग
या की मालक, हबचं पार्सल आलं की सांगा. ईआरडी मोजायला जुने दोन स्पोक घेऊन या, आणि रोटर कागदातून काढू नका, तिकडं सगळ्यांचे हात तेलाचे असतात.